पाठीवर मावेल तेच स्टेशन

हॅम रेडिओवाल्यांचा लाडका वाद म्हणजे १०० वॉट की ५ वॉट? माझं मत सरळ आहे. स्टेशन पाठीवर टाकून गड चढायचा असेल, तर ५ वॉट भरपूर झाले.

आधी गणित बघा. १०० वरून ५ वॉटवर आलं की सिग्नल १३ डेसिबलने घटतो. एक एस-युनिट म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर काटा जेमतेम दोन घरं खाली! सिग्नल आधीच खरखरीत बुडत असेल तर ही दोन घरं महागात पडतात, कबूल. तिथे मोर्स कामी येतं. पण १०० वॉटचा सेट बोलताना २० अँपिअरच्या आसपास खेचतो, ५ वॉटच्या सेटला दोन-तीन पुरतात. बॅटरी तेवढी लहान. त्यात लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली तर लेड-अ‍ॅसिडच्या निम्म्याहून हलकी.

वाचलेले पैसे आणि वजन कुठे घालायचं? अँटेनात! २० मीटर बँडच्या डायपोलला एकूण साधारण १० मीटर तार लागते. ती उंच टांगा, बस्स.

'नुसती हौस' म्हणणाऱ्यांना एकच आठवण. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हॅम मंडळी त्यांच्या मोहिमेनिमित्त पोर्ट ब्लेअरला आधीच सेटसकट हजर होती, म्हणून तिथून निरोप गेले. टेबलावरून न हलणारा भारी सेट अशा वेळी काय कामाचा?

तेव्हा आधी परवाना काढा, मग तार घ्या. सेटचं शेवटी बघू.