मे महिन्याची यादी, ऑक्टोबरचं गिऱ्हाईक

थंड हवेची ठिकाणं सांग म्हटलं की मराठी माणूस झोपेतून उठूनसुद्धा घडाघडा म्हणून दाखवतो: महाबळेश्वर, माथेरान, उटी, मुन्नार, सिमला, मनाली. ही यादी त्याने कधी तपासलेली नसते. त्याला ती शाळेच्या भूगोलातून मिळाली, आणि भूगोलाला साहेबाकडून. सातारच्या प्रतापसिंह महाराजांशी 1829 साली करार करून गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वर पदरात पाडून घेतलं. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट 1850 मध्ये माथेरानवर चढला. 1864 पासून हिंदुस्थान सरकार दर उन्हाळ्यात दप्तरासकट सिमल्याला जाऊ लागलं. या सगळ्या धावपळीचं मूळ दुखणं एकच, मे महिन्यातली तलखी. साहेब गेला, यादी राहिली, आणि आता ती आम्हाला ऑक्टोबरात विकली जाते.

आमच्या दोघांचेही वाढदिवस ऑक्टोबरात, एकाच आठवड्यात येतात. दोघं साठीला आलोय. मागणी फार नाही. दिवसा स्वेटर लागू नये, रात्री पंखा लागू नये, छत्री नको, आणि हिच्या गुडघ्याला झेपेल असं सकाळ-संध्याकाळ चालता यावं. एवढं ट्रॅव्हल एजंटला सांगितलं, तर त्याने हवेबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, “काका, केक एगलेस लागेल का?” दुसरा प्रश्न आधार कार्डाचा, कारण जन्मतारखेचा पुरावा असेल तरच केक फुकट. मग एकामागून एक फोटो आले. पलंगावर टॉवेलचे दोन हंस एकमेकांच्या चोचीला चोच लावून बसलेले, मध्ये गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम, भिंतीवर सोनेरी फुगे. तीन रात्री, चार दिवस. बाहेर काय तापमान असेल, पाऊस असेल का, डोंगर दिसेल का, यावर उत्तर एकच: “सीझन आहे ना काका!”

सीझन कोणाचा, हे कोणी सांगत नाही. मुन्नार आणि उटी ही दोन नावं दिवाळीच्या जाहिरातीत हमखास असतात. आता नैऋत्य मोसमी पाऊस आपल्याकडून गेला म्हणजे देशातूनच गेला, अशी आपली घट्ट समजूत. तो ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत देशातून मागे फिरतो हे खरं, पण त्याच सुमारास दक्षिणेत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. केरळात त्याला तुलावर्षम् म्हणतात. सकाळी लख्ख ऊन, दुपारनंतर काळंकुट्ट आभाळ, कडकडाट आणि धो धो पाऊस. निलगिरीत कुन्नूरला वर्षातला सर्वांत जास्त पाऊस पडतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरातच. ज्या डोंगरी रेल्वेचा फोटो दाखवून तुम्हाला गळाला लावतात, तिच्या मेट्टुपालयम ते कुन्नूर या घाटातल्या फेऱ्या याच दिवसांत दरडी कोसळून रद्द होतात. ही काही गुपितं नव्हेत. तामिळनाडूतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आपल्या एजंटला ठाऊक नसेल, तर त्याने दुसरा धंदा बघावा. ठाऊक असूनही तो बोलत नसेल, तर त्याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं.

महाबळेश्वरच्या हवेला मात्र मी नावं ठेवणार नाही. ऑक्टोबरात मुंबईचा पारा तेहतीस-चौतिसावर असतो. पश्चिमेचे वारे थांबलेले, आभाळ मोकळं आणि जमिनीत पावसाचा ओलावा तसाच, म्हणून नुसती काहिली. त्या वेळी साडेतेराशे मीटरवर पंचवीसच्या आसपास असणं ही मोठी चैन आहे. पण ती हवा खायला वर पोचायला हवं ना! दिवाळीच्या सुट्टीत पसरणीच्या घाटात गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात काच खाली केली की डिझेलचा धूर आत येतो आणि वर केली की एसी. एवढं करून वर गेलात की स्ट्रॉबेरी क्रीमसाठी आणखी एक रांग. आणि ऑक्टोबरात तिथल्या वावरात स्ट्रॉबेरीची रोपं नुकती लागलेली असतात. फळ हाती यायला नोव्हेंबर सरत येतो. समोरच्या ग्लासात असतो तो गेल्या हंगामातला गोठवलेला गर. तो ‘ताजा’ म्हणून रिचवून, स्टेटसला टाकून लोक खाली उतरतात. वाटेत कासला जायचंच असतं. तिथला मुख्य बहर ऑक्टोबर लागता लागता ओसरलेला असतो, त्याचीही कोणाला खंत नसते. पाटीपाशी फोटो निघाला की झालं.

माझं भांडण गर्दीशी नाही, बेपर्वाईशी आहे. तीस-चाळीस हजार रुपये खर्च करणारा माणूस मिक्सर घेताना दहा दुकानं हिंडतो, वॉरंटीचा कागद दोनदा वाचतो. हवा विकत घेताना मात्र भाच्याने पाठवलेलं रील त्याला पुरतं. हवामान खात्याकडे देशभरच्या केंद्रांच्या कित्येक दशकांच्या नोंदी आहेत. कोणत्या महिन्यात सरासरी कमाल किती, किमान किती, पावसाचे दिवस किती, सगळं लिहून ठेवलेलं. पाच मिनिटांचं काम. ते करायचा कंटाळा, आणि पाऊस लागला की मुक्कामभर खोलीत बसून हॉटेलच्या मॅनेजरवर डाफरायला मात्र उत्साह!

आकडे बघून आम्ही कुमाऊंवर बोट ठेवलं, कौसानीवर. उंची सुमारे 1,900 मीटर. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात दिवसा विशीच्या आसपास, रात्री दहाच्या आगेमागे. रात्री पंखा तर नकोच, उलट रजई लागेल, ती चालेल. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. मे महिन्यात, म्हणजे साहेबाच्या यादीनुसार ‘सीझन’ असताना, तिथे मैदानातून आलेली धूळ आणि चीडाच्या जंगलातल्या वणव्यांचा धूर यांनी आभाळ अनेकदा इतकं गढूळ असतं की त्रिशूळ आणि नंदादेवी कुठल्या दिशेला आहेत हे गाईडच्या बोटावरूनच मानून घ्यावं लागतं. पावसाने ती धूळ धुऊन काढली की ऑक्टोबरात तीच शिखरं खिडकीतून दिसतात. आपली माणसं मुलांच्या सुट्टीला बांधलेली, म्हणून त्यांनी मेमध्ये जावं हे समजतं. पण ज्यांची मुलं नोकरीला लागून परदेशी गेली, त्या जोडप्यांनी कोणाच्या सुट्टीचं वेळापत्रक पाळायचं? गांधीजी 1929 च्या जूनमध्ये कौसानीत राहिले आणि ‘अनासक्तियोगा’ची प्रस्तावना त्यांनी तिथेच लिहिली. त्याच जागी आज अनासक्ती आश्रम आहे. टॉवेलच्या हंसांशिवाय माणूस राहू शकतो याचा हा बरा पुरावा.

कुमाऊं म्हणजे बिनघोर, असंही कोणी समजू नये. 2021 च्या ऑक्टोबरात, 18 आणि 19 तारखेला, त्याच पट्ट्यात आभाळ फाटलं. मुक्तेश्वरच्या वेधशाळेने 24 तासांत 340 मिलीमीटर पाऊस मोजला. तिथे 1897 पासून नोंदी होतात आणि त्यात एवढा पाऊस कधी नव्हता. नैनितालचं तळं रस्त्यावर आलं, माणसं दगावली. सरासरी म्हणजे हमीपत्र नव्हे. म्हणून परतीच्या गाडीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवायचा आणि निघण्यापूर्वी इशारे वाचायचे. तारखेचाही अट्टहास नको. वाढदिवस आठवडाभर उशिरा साजरा केला म्हणून कोणाचं वय थांबल्याचं ऐकिवात नाही. पण हा सल्ला एजंट देणार नाही. त्याचा केक तारखेला बांधलेला आहे.

तेव्हा यंदा ऑक्टोबरात जोडीने निघणार असाल तर आगाऊ रक्कम भरण्याआधी समोरच्याला एवढंच विचारा, की त्या गावात त्या पंधरवड्यात साधारण किती दिवस पाऊस पडतो. आकडा सांगता आला तर पुढे बोला. “सीझन आहे” असं उत्तर आलं तर फोन ठेवा.