पाटीवाचूनचा उजेड

अलीकडे विद्यार्थ्यांचे आणि नवोदितांचे लघुपट पाहताना एक गोष्ट सातत्याने जाणवते. रात्र झाली की खोली गुलाबी आणि निळी होते. एका गालावर किरमिजी छटा, दुसऱ्या गालावर आकाशी, मागे अंधार. विचारावे तर उत्तर ठरलेले असते: बाहेर निऑनची पाटी आहे, तिचा हा उजेड. ही पाटी नेमकी कुठे आहे, तिच्यावर काय लिहिले आहे, ती कोणी लावली आणि रात्रभर का जळते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर दृश्यात मिळत नाही. पुष्कळदा दिग्दर्शकापाशीही नसते. आमचा आक्षेप आहे तो इथे. आम्ही भाषेचे अध्यापक. छायाचित्रणाचे शास्त्र हे आमचे क्षेत्र नव्हे, हे उघड आहे. परंतु निऑनची पाटी हा मुळात मजकूर असतो, आणि मजकुराविषयी बोलण्याचा हक्क आम्ही सहजासहजी सोडणार नाही.

निऑन हा वायू १८९८ साली लंडनमध्ये विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी शोधला. नाव ग्रीक, अर्थ ‘नवा’. १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात जॉर्ज क्लोद यांनी या वायूने भरलेल्या नळ्या उजळून दाखवल्या, आणि पुढल्या काही दशकांत महानगरांच्या रात्री या नळ्यांनी अक्षरशः लिहून काढल्या. ज्याचे नावच ‘नवा’, त्याला आज स्मरणरंजनाची वस्तू होऊन बसावे लागले आहे, हा भाषेने केलेला विनोदच म्हणायचा. आणखी एक गंमत: शुद्ध निऑनचा उजेड फक्त नारिंगी-लाल असतो. ‘निळा निऑन’ म्हणून जो ओळखला जातो तो बहुधा आर्गॉन आणि पाऱ्याची वाफ. उरलेले रंग काचेचे किंवा काचेच्या आतल्या लेपाचे. म्हणजे आपल्या लघुपटांतील अर्धा निऑन हा निऑन नाहीच. असो.

आता ज्यांनी हा उजेड कृत्रिमरीत्या घडवला, त्यांच्याकडे पाहू. एडवर्ड डमिट्रिक यांच्या ‘मर्डर, माय स्वीट’ (१९४४) या चित्रपटाच्या सुरुवातीला खासगी गुप्तहेर मार्लो रात्री आपल्या कचेरीत बसलेला आहे. बाहेरच्या पाटीचा उजेड ठरावीक अंतराने आत येतो आणि जातो. अशा एका उघडझापेत खिडकीच्या काचेवर एका धिप्पाड माणसाचे प्रतिबिंब उमटते. तो केव्हापासून मागे उभा आहे कोण जाणे! चित्रपट कृष्णधवल आहे, तेव्हा रंगाचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही प्रेक्षकाला क्षणभरही शंका येत नाही की हा निऑन आहे. ती ओळख पटते ती लयीमुळे. या लयीत माणसाची सोय पाहिलेली नाही. पाटी कुणासाठी थांबत नाही. कवितेत यती जे काम करते, तेच इथे अंधाराच्या त्या दोन-तीन क्षणांनी केले आहे. हॅरी वाइल्ड यांच्या या छायाचित्रणातून अल्पखर्ची दिग्दर्शकाने उचलावी अशी पहिली गोष्ट हीच, की एक दिवा आणि एक लय एवढ्या भांडवलावर निऑन उभा राहतो.

मात्र दिवा कोणता, याला महत्त्व आहे. साधा बल्ब किंवा हॅलोजन बंद केला तरी त्याची तार तापलेली असते; उजेड मावळत जातो. निऑनची नळी एकदम पेटते, एकदम विझते. हॅलोजनवर लाल जिलेटिन लावून बटण दाबत बसले तर पडद्यावर बल्बची उघडझाप दिसते, पाटीची नव्हे. चार फुटी ट्यूबलाइटला जिलेटिन गुंडाळणे हा जुना आणि चांगला उपाय आहे, कारण नळीचा उजेड नळीसारखाच पडतो: नळीला समांतर असलेल्या गजाची सावली रेखीव, आडव्या गजाची पुसट. पण चोक आणि स्टार्टरची ट्यूब पेटताना अडखळते; म्हणून ती चालूच ठेवावी आणि कुणीतरी तिच्यासमोर पुठ्ठा धरून लय सांभाळावी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तेव्हा अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा धडधडते. सेकंदाला २४ चौकटी घेणाऱ्या कॅमेऱ्याचे शटर १/५० सेकंदावर, म्हणजे १७२.८ अंशांवर, ठेवले नाही तर चित्रात नको ती थरथर येते. हे सगळे जवळजवळ फुकटात होण्यासारखे आहे.

एलईडीचे रंग बदलणारे दिवे आता स्वस्त झाले आहेत आणि ते क्षणात पेटतात-विझतात, हे खरे. त्यांचा धोका निराळा. त्यांतला निव्वळ लाल रंग वर्णपटाच्या एका अरुंद पट्टीत बसतो. निऑनच्या उजेडात मात्र पिवळ्यापासून गडद लालपर्यंत अनेक रेषा असतात. शिवाय बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या संवेदकावर लाल रंग टिपणारे बिंदू चारांत एकच. परिणामी निव्वळ लाल उजेडात चेहरा सपाट होतो. सुरकुत्या, घाम, डोळ्यांखालची वर्तुळे, म्हणजे ज्यासाठी चेहरा दाखवायचा ते सारे नाहीसे होते. थोडी पिवळसर छटा मिसळली की चेहरा परत येतो.

पण तंत्र झाले, अर्थाचे काय? हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’तील (१९५८) ज्यूडीची खोली आठवा. सॅन फ्रान्सिस्कोतील एंपायर हॉटेल निवडले ते बाहेरच्या हिरव्या पाटीसाठी, असे हिचकॉकने त्रुफोला सांगितले होते. त्या काळच्या रंगीत फिल्मची संवेदनक्षमता २५ एएसएच्या आसपास होती. खऱ्या पाटीच्या उजेडात चेहरा उमटणे कठीण, त्यामुळे असा उजेड दिव्यांनी घडवावा लागे. ज्यूडी केस बांधून बाहेर येते आणि त्या हिरव्या धूसरतेतून मेलेली मॅडलिन चालत आल्यासारखी दिसते. मॅडलिनची गाडी हिरवी होती, पहिल्यांदा दिसली तेव्हा काळ्या पोशाखावरची शाल हिरवी होती; अर्थ मागूनच साठत आला होता. तरीही तो उजेड आधी एका स्वस्त हॉटेलच्या जाहिरातीचा आहे, मग स्कॉटीच्या भ्रमाचा. पाटी खोटी वाटली असती तर भ्रमही उभा राहिला नसता.

आपल्या परंपरेतले उदाहरण निऑनचे नाही, पण ते इथे आवर्जून सांगण्यासारखे आहे. ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावे लागले, तेव्हा सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून त्यावरून दिव्यांचा उजेड परावर्तित केला. अशा अंगणात वरून झिरपणारा, सावली न पाडणारा उजेड त्यांनी नीट पाहिला होता. कापड स्वस्तच होते. पाहणे तेवढे महाग.

आता आमच्या खुपणाऱ्या गोष्टीकडे येतो. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही एक लघुपट पाहिला. मुलीला जिल्ह्याच्या इस्पितळात दाखल करून एक शेतकरी समोरच्या लॉजमध्ये रात्र काढतो आहे. संहिता उत्तम, काम करणारा नट अस्सल. आणि खोलीत गुलाबी-निळा उजेड! ‘बाहेर कुठली पाटी आहे?’ असे आम्ही विचारले. ‘सर, पाटी नाही. तो मूड आहे,’ असे उत्तर आले. त्या माणसाला झोप येत नाही, हे दृश्याचे सार. आणि आम्ही मात्र त्याच्या खोलीची शोभा पाहत बसलो. रस्त्याकडच्या, पाटीसमोरच्या खोलीचे भाडे कमी असते, कारण तिथे झोपता येत नाही. उजेडाचे कारण काढून घेतले की गरिबीही गेली आणि रात्रही.

हे रंग आले कुठून, ते आम्हांला ठाऊक आहे. वाँग कार-वाय यांच्या ‘चुंगकिंग एक्स्प्रेस’ची (१९९४) मोहिनी अजून उतरलेली नाही, आणि का उतरावी? पण तोही घाईत, मोजक्या साधनांत केलेला चित्रपट; छायाचित्रकार ख्रिस्तोफर डॉइल यांचे स्वतःचे घरच त्यात पोलिसाचे घर झाले. हाँगकाँगच्या पाट्या त्यांच्या दारात होत्या, त्यांनी त्या वापरल्या. आज त्याच शहरातून त्या झपाट्याने उतरवल्या जात आहेत. ‘अ लाइट नेव्हर गोज आउट’ (२०२२) हा चित्रपट एका निऑन कारागिराच्या विधवेचीच गोष्ट सांगतो. हाँगकाँगची रात्र तालुक्याच्या लॉजमध्ये उसनी आणायची, तर निदान खिडकीबाहेर काय आहे ते एकदा वाकून पाहावे.

त्या लॉजबाहेर बहुधा औषधाचे दुकान असेल आणि त्यावर ‘२४ तास’ अशी पाटी. नळीची नसेल, एलईडीची चालती लाल अक्षरे असतील. अक्षरे सरकतात तसा छतावरचा उजेड कमी-जास्त होतो, मजकूर संपला की निमिषभर अंधार, पुन्हा पहिल्यापासून. पाटी खाली असल्याने उजेड खालून वर येणार. चेहऱ्याआधी छत उजळणार, गजांच्या सावल्या पंख्यावर पडणार. औषधांची चिठ्ठी खिशात असलेल्या बापाच्या डोळ्यांवर ‘२४ तास’ ही अक्षरे रात्रभर फिरत राहतील, आणि त्यासाठी एक दिवा, थोडे जिलेटिन आणि पुठ्ठा कापायला एक मित्र पुरेल.

आणि निऑनच हवा असेल, म्हणजे कथा १९७० च्या मुंबईतली असेल, तर नळी चौकटीत दाखवूही नये. तिच्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज घ्यावा. नळीला कित्येक हजार व्होल्ट पुरवणारे ते पेटारे अखंड गुणगुणत असतात, पाटी विझली की थांबतात, पेटली की पुन्हा सुरू होतात. तो आवाज पहाटेच्या शांततेत कुठल्याही जुन्या ट्रान्सफॉर्मरपाशी उभे राहून मोबाइलवर टिपता येतो.