बिब्बा उतला तर, आयव्ही लागली तर



जमत आलेल्या सोयरिकीत कुणी खोडा घातला की आपण म्हणतो, "त्याने बिब्बा घातला." ही म्हण ज्याला सुचली, त्याच्या अंगावर बिब्बा नक्की उतला असणार. बाहेरून काळं, गुळगुळीत, निरुपद्रवी दिसणारं हे फळ. ठेचलं की टरफलातून चीक निघतो, हवा लागताच काळा पडतो आणि कातडीला लागला तर दोन-तीन दिवसांनी लाली, सूज, फोड आणि जीव नकोसा करणारी खाज. यालाच आपल्याकडे 'बिब्बा उतणे' म्हणतात. मराठीत बिब्बा, संस्कृतात भल्लातक, आमच्या हैदराबादी हिंदीत भिलावा आणि तेलुगूत नल्लजीडी.

या तेलुगू नावात एक गंमत आहे. काजूच्या झाडाला तेलुगूत 'जीडिमामिडी' म्हणतात. जीडी म्हणजे बिब्बा आणि मामिडी म्हणजे आंबा. वनस्पतिशास्त्रज्ञांनी आंबा, काजू आणि बिब्बा यांना एका कुळात बसवलं, पण तेलुगू भाषेने ते एका शब्दात केव्हाच सांगून ठेवलं होतं. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागला की ओठ भाजतात, काजूच्या टरफलातलं तेल हात सोलून काढतं आणि बिब्ब्याचं तर विचारूच नका. खोड सगळ्या घराण्याची!

याच घराण्यातली एक चुलत बहीण अमेरिकेत राहते. तिचं नाव पॉयझन आयव्ही. कुंपणावर, झाडाच्या बुंध्यावर, पायवाटेच्या कडेला ती वेलीसारखी चढते किंवा झुडपासारखी पसरते. ओळखायची खूण म्हणजे एका देठाला तीन पानं. आपल्याला तीन पानांचा भारी जिव्हाळा. पळसाला पानं तीन, बेलाचं त्रिदळ महादेवाला प्रिय. तिकडे मात्र मुलांना लहानपणापासून उलटं शिकवतात, तीन पानं दिसली की लांब राहा. तेव्हा श्रावणात तिकडच्या रानात त्रिदळ दिसलं तर बेल समजून हात घालू नका.

हा विषय निघाला तो आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे. न्यू जर्सीतल्या एका मामेबहिणीने परसातलं रान साफ केलं आणि तिसऱ्या दिवशी हाताचा फोटो टाकला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघा, त्यांवर पाण्याचे फोड. "काही घरगुती उपाय सांगा ना." मग काय! नांदेडहून हळद आली, पुण्याहून लिंबू, आमच्या गौलीगुड्यातून चुना आणि लसूण, आणि एका काकांनी कढत पाण्याने शेकायला सांगितलं. आयव्ही कुणीच पाहिली नव्हती, उपाय मात्र सगळ्यांकडे तयार. आजीने चष्मा लावून फोटो मोठा केला आणि म्हणाली, "अरे, हा तर बिब्बा उतलाय."

मी संगणकाचा इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. पण आजीचं हे निदान वाचून-विचारून पडताळून पाहिलं आणि ते पक्कं निघालं. आयव्हीच्या चिकातल्या तेलकट पदार्थाला 'उरुशिऑल' म्हणतात. जपानी भाषेत लाखेला 'उरुशी' म्हणतात. ती लाख ज्या झाडाच्या चिकापासून करतात तेही याच कुळातलं, म्हणून हे नाव. बिब्ब्यातला पदार्थ त्याचाच सख्खा भाऊ. इतका सख्खा, की एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसराही बाधू शकतो.

याचा जुना पुरावा धोब्यांकडे सापडतो. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचा चीक वापरत. ती काळी खूण धुऊन जात नसे. इंग्रजीत बिब्ब्याचं नावच मुळी 'खुणेचं फळ' अशा अर्थाचं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक भारतात आले, कपडे धोब्याकडे गेले आणि जिथे खूण तिथेच, म्हणजे कॉलरखाली मानेवर वगैरे, पुरळ उठू लागलं. अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी १९४३ साली त्यावर लेख लिहिला आणि या दुखण्याला 'धोबी मार्क डर्मटायटिस' असं नाव दिलं.

आता मुद्द्याचं. उपाय निवडण्याआधी हे दुखणं चालतं कसं ते समजून घ्यायला हवं. हा चीक फक्त कातडी जाळून थांबत नाही. तो कातडीतल्या प्रथिनांना चिकटतो, आपली रोगप्रतिकारशक्ती त्याला शत्रू समजते आणि त्या भागावर हल्ला चढवते. ही फौज जमायला वेळ लागतो, म्हणून पुरळ एक ते तीन दिवसांनी उठतं. आयुष्यात पहिल्यांदाच चीक लागला असेल तर आठवडा-दोन आठवडेही लागतात. पातळ कातडीवर आधी उठतं, जाड कातडीवर उशिरा. त्यामुळे ते पसरतंय असं वाटतं. फोडांतल्या पाण्याने ते पसरत नाही आणि एकाचं दुसऱ्याला लागतही नाही. पसरतो तो कपड्यांवर, खुरप्यावर, बुटांच्या नाड्यांवर किंवा कुत्र्याच्या केसांवर उरलेला चीक.

म्हणून सगळ्यात गुणकारी घरगुती उपाय अगदी साधा आहे, साबण आणि पाणी. पण तो पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत करायचा. भांडी घासायचा पातळ साबण असेल तर उत्तमच, कारण चीक तेलकट असतो. कोमट किंवा गार पाणी भरपूर घ्यायचं, नखांखाली स्वच्छ करायचं, पण खरवडून घासायचं नाही. कपडे वेगळे धुवायचे, हत्यारंही धुवायची. तासाभराने धुतलं तरी थोडा फायदा होतो, पण पहिल्या काही मिनिटांची सर त्याला येत नाही.

इथे आपल्या खोबरेल तेलाचा प्रश्न येतो. बिब्बा हाताळताना हातांना तेल माखायची रीत जुनी आहे आणि उतल्यावरही आधी खोबरेलच आठवतं. चीक तेलात विरघळतो, म्हणून तेलाने पुसून घेऊन लगेच साबणाने धुतलं तर हरकत नाही. पण ताज्या चिकावर तेल चोळून तसंच ठेवलं, तर तोच चीक आणखी पसरतो. पुरळ सुकून कातडी कोरडी पडू लागली की मग खोबरेल लावावं, तेव्हा बरं वाटतं.

एकदा पुरळ उठलं की ते मुळापासून घालवणारा घरगुती उपाय नाही. दोन-तीन आठवड्यांत ते आपोआप बरं होतं. तोवर खाज सुसह्य करणं एवढंच आपल्या हातात. त्यासाठी गार पाण्यात भिजवलेला स्वच्छ सुती कपडा पंधरा-वीस मिनिटं ठेवावा, दिवसातून चार-पाच वेळा. साधे ओट्स मिक्सरमधून पिठासारखे बारीक करून कोमट पाण्यात कालवावेत आणि ते पाणी अंगावर घेऊन नंतर टिपून कोरडं करावं. कॅलामाइन लोशन लावावं, ते तर कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं. नखं कापावीत. लहान मुलांना झोपताना हातमोजे घालावेत. ॲलर्जीच्या गोळ्यांनी ही खाज फारशी थांबत नाही. ज्या गोळीने गुंगी येते तिच्यामुळे रात्री झोप लागते इतकंच, आणि तीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आता आमच्या ग्रुपवरची यादी. चुना कातडी पोळतो. वाटलेली लसूणही पोळते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्यानेच वेगळे चट्टे उठतात. कढत पाण्याने क्षणभर स्वर्ग वाटतो, पण दाह वाढतो आणि खाज पुन्हा जोरात येते. हळदीने सहसा मोठं नुकसान होत नाही, पण काहींना हळदीचीही ॲलर्जी असते आणि पिवळ्या लेपाखाली फोड पिकतोय का तेही दिसत नाही. फोड फोडायचे नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुकानदाराने दिलेली तीन-तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब लावायची नाही. तिच्यात बहुधा जोरकस स्टेरॉइड असतं. चेहऱ्यावर ते लावत राहिलं तर कातडी पातळ पडते आणि मूळ दुखण्यापेक्षा मोठं दुखणं मागे लागतं.

एक गोष्ट जरा स्पष्टच लिहितो. काहींना राग येईल. अमेरिकेतल्या वेलीपासून आपण इथे लांब आहोत, पण बिब्बा घरात आहे. बेगम बाजारातल्या जडीबुटीच्या दुकानात सुटा मिळतो. दारावरच्या लिंबू-मिरचीत ओवलेला असतो. पायात काटा मोडला की त्याचा चटका देतात. तिथवर ज्याची त्याची मर्जी. पण नजर लागू नये म्हणून तान्ह्या बाळाच्या अंगावर बिब्ब्याची फुली काढणं, बेंबीपाशी त्याचा ठिपका देणं, निखाऱ्यावर बिब्बा टाकून बाळ-बाळंतिणीला धुरी देणं हे आता थांबायला हवं. बाळाची कातडी पातळ असते. फुलीच्या जागी भाजल्यासारखी जखम होते, डाग राहतो आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. या कुळातल्या झाडांचा धूर तर फुप्फुसांपर्यंत जातो. अमेरिकेत आयव्ही जाळू नका असं बजावतात ते याचसाठी. नजरेची भीती मोडून काढा असं म्हणत नाही. कानामागे काजळाची तीट लावा, तेवढ्याने आजीचंही समाधान होतं आणि बाळही सुखात झोपतं.

आयुर्वेदात भल्लातक औषध आहे हे खरं, पण वैद्य तो विटेच्या चुऱ्यात शोधून, म्हणजे शुद्ध करूनच वापरतात. बाळंतिणीच्या लाडवात पडते ती गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, तिला चीक लागू न देता काढलेला. विदर्भात बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचे हात पाहिले की त्या लाडवाची खरी किंमत कळते.

डॉक्टरकडे कधी जायचं? चेहरा सुजला, डोळ्यांपाशी किंवा नाजूक जागी पुरळ उठलं, अंगाचा बराच भाग व्यापला, ताप आला, फोडांत पू झाला, किंवा धूर नाकातोंडात जाऊन श्वास लागला तर घरात एक क्षणही थांबू नका. अशा वेळी डॉक्टर पोटातून स्टेरॉइड देतात. ते सांगितले तितके दिवस पूर्ण घ्यावं. बरं वाटलं म्हणून चार दिवसांत बंद केलं तर पुरळ उलटून येतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाचा असा फोन आला तर उपाय सांगण्याआधी तीन प्रश्न विचारा. चीक लागून किती वेळ झाला? साबणाने धुतलं का? पुरळ कुठे उठलंय? पहिल्याचं उत्तर 'आत्ताच' असेल तर फोन ठेवून नळाखाली हात धरायला सांगा. तिसऱ्याचं उत्तर 'डोळ्यापाशी' असेल तर थेट डॉक्टरकडे पाठवा. बाकी सगळ्यांना गार पाण्याची पट्टी, कॅलामाइन आणि थोडा धीर पुरतो.