‘न मम’ : निष्काम दानावरील आक्षेपांचे परीक्षण

माणूस दुसऱ्याला काही देतो तेव्हा तो प्रत्यक्षात स्वतःसाठीच काहीतरी मिळवत असतो, हे विधान सुशिक्षितांच्या बोलण्यात आज इतके रुळले आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. औदार्याच्या मुळाशी कीर्तीची हाव, पुण्याचा लोभ, उपकाराच्या ओझ्याखाली दुसऱ्याला ठेवण्याची इच्छा किंवा निदान मनाचे समाधान असलेच पाहिजे, असे गृहीत धरले जाते, आणि असे गृहीत धरणाऱ्याला आपण भाबडे नाही याची खात्री वाटते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. निष्काम देणे, म्हणजे परतफेडीचा हक्क मागे न ठेवता देणे, ही माणसामाणसांतील खरी आणि ओळखता येणारी गोष्ट आहे. मात्र भारतीय वादपद्धतीत प्रतिपक्षाची भूमिका प्रथम आणि तिच्या सर्वांत बळकट रूपात मांडण्याची रीत आहे. तिला पूर्वपक्ष म्हणतात, आणि तो नीट मांडल्याशिवाय केलेले खंडन स्वतःशीच केलेला वाद ठरते.

पूर्वपक्षाचे तीन आधार आहेत. पहिला मानसशास्त्रीय : देणाऱ्याला देण्यातून आनंद होतो, म्हणून तो आनंदासाठीच देतो. दुसरा समाजशास्त्रीय : फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी 1925 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दीर्घ निबंधात पॉलिनेशिया, मेलानेशिया आणि वायव्य अमेरिकेतील समाजांच्या आधारे दाखवून दिले की वरवर ऐच्छिक दिसणाऱ्या भेटीमागे देण्याचे, घेण्याचे आणि परत करण्याचे असे तीन बंधनकारक नियम असतात, त्यावरून पुढे अनेकांनी असा निष्कर्ष काढला की भेट ही उशिरा पुरी होणारी देवघेवच होय. तिसरा जीवशास्त्रीय : विल्यम हॅमिल्टन यांनी 1964 मध्ये रक्ताच्या नात्यांतील त्यागाचे आणि रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1971 मध्ये नाते नसलेल्यांतील परस्पर साहाय्याचे उत्क्रांतीच्या अंगाने स्पष्टीकरण दिले, आणि परोपकार म्हणजे जनुकांचा दूरचा स्वार्थ, असे म्हणण्याची सोय झाली.

यांपैकी पहिला आधार सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत कच्चाही आहे. इंग्लंडमधील धर्मचिंतक जोसेफ बटलर यांनी 1726 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत त्याचे जे उत्तर दिले, त्याला अद्याप समर्पक प्रत्युत्तर मिळालेले नाही. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा की एखादी इच्छा पुरी झाल्यावर समाधान होते, तेव्हा ती इच्छा त्या समाधानाच्या आधीपासून अस्तित्वात असावी लागते. तहानलेल्या माणसाला पाणी हवे असते म्हणून पाणी प्याल्यावर त्याला बरे वाटते. बरे वाटणे हे पाण्याच्या इच्छेचे फळ आहे, तिचा विषय नव्हे. तसेच शेजाऱ्याचे मूल बरे झाल्याने ज्याला आनंद झाला, त्याला ते मूल बरे व्हावे असे आधी वाटलेले असले पाहिजे, कारण ज्याला त्या मुलाचे काहीच वाटत नव्हते त्याला हा आनंद कोठून मिळणार? तेव्हा देण्यातील समाधान स्वार्थाचा पुरावा ठरत नाही. उलट ज्याला दुसऱ्याच्या भल्याने समाधान होते, त्याच माणसाला आपण उदार म्हणतो. शिवाय जो देतो तो समाधानासाठी देतो आणि जो देत नाही तोही समाधानासाठीच देत नाही, असे म्हटल्यावर ‘स्वार्थ’ या शब्दाने दोन माणसांतील कोणताच फरक सांगितला जात नाही, आणि मग त्या शब्दाचा उपयोगच संपतो.

तिसऱ्या आधारावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. त्यात उत्पत्ती आणि हेतू यांची गल्लत आहे. आईच्या वात्सल्याची घडण उत्क्रांतीने केली असेल, पण म्हणून आजारी लेकराच्या उशाशी रात्र काढणारी आई जनुकांचा हिशेब करत असते असे होत नाही.

दुसरा आधार मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण त्यात बरेच तथ्य आहे आणि मराठी समाजाला त्याची साक्ष दूरच्या बेटांवरून आणण्याची गरज नाही. लग्नाच्या मांडवात वही घेऊन बसणारा माणूस कोणी किती आहेर केला ते नावानिशी लिहून घेतो, आणि पुढे त्या घरी कार्य निघाले की ती वही उघडून परतीचा आहेर ठरतो. शेतीच्या हंगामात एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने बैल किंवा माणसे देण्याची जी सावड, किंवा काही भागांतील पैरा, तिच्यातही आज दिलेला दिवस उद्या फेडायचा असतो. यात काहीही कमीपणा नाही. अशा देवघेवीने गावे टिकली, अडल्यानडल्याला सावकाराच्या दारी जाण्याचा प्रसंग टळला, आणि ज्याच्याकडे पैसा नव्हता त्यालाही हातापायांच्या बळावर पत मिळाली. मॉस यांचे मोठेपण हेच की त्यांनी या व्यवहाराला बाजारापेक्षा वेगळे आणि प्रतिष्ठेचे स्थान दिले.

परंतु आहेराचे सत्य हे सर्व देण्याचे सत्य आहे, असे म्हणण्याला आधार नाही, आणि हे ज्यांच्यात आहेराची वही असते ते लोकच उत्तम जाणतात. ‘कृपया आहेर आणू नये’ असे पत्रिकेवर छापणारे घर परतफेडीच्या साखळीतून जाणीवपूर्वक बाहेर पडत असते. ‘गुप्तदान’ हा शब्द मंदिराच्या पावतीवरही चालतो. ‘उसने’, ‘आहेर’, ‘वर्गणी’, ‘देणगी’, ‘भिक्षा’ आणि ‘दान’ यांना वेगवेगळी नावे आहेत, कारण ते वेगवेगळे व्यवहार आहेत. भाषेने शतकानुशतके जपलेला भेद सिद्धांताच्या सोयीसाठी पुसून टाकणे हे अभ्यासाचे लक्षण नव्हे. मॉस यांनी स्वतः महाभारताच्या अनुशासनपर्वातील दानधर्माचा विचार केला होता. पण काशीतील अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणांचा दीर्घ अभ्यास केलेल्या जॉनथन पॅरी या मानवशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये लक्षात आणून दिले की शास्त्रातील दान परतफेडीची अपेक्षा तर ठेवत नाहीच, परतफेड निषिद्धही मानते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे जे तीन प्रकार आहेत त्यांतही ज्याच्याकडून उलट उपकार होण्याची शक्यता नाही त्याला दिलेले दान सात्त्विक ठरते, आणि उलट उपकाराच्या किंवा फळाच्या आशेने दिलेले राजस. पुण्य हाही मोबदलाच नव्हे काय, असे पूर्वपक्षी येथे विचारील. स्वर्गासाठी दिलेले दान काम्य, म्हणजे फळाची इच्छा धरून केलेले, असते हे मान्यच आहे आणि परंपरेनेही त्याला वरचे स्थान दिलेले नाही. पण तेही घेणाऱ्याच्या डोक्यावर कसलेच ऋण ठेवत नाही, आणि माणसामाणसांतील नात्याच्या दृष्टीने महत्त्वाचे तेवढेच आहे.

हा भेद केवळ शब्दांचा असता तर व्यवहारात त्याचे परिणाम दिसले नसते. रक्तपेढ्यांचा अनुभव याबाबतीत निर्णायक आहे. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी 1970 मध्ये ब्रिटनमधील विनामोबदला रक्तदानाची अमेरिकेतील विकतच्या रक्ताशी तुलना करून असे दाखवले की विकतच्या रक्तातून काविळीसारख्या रोगांचा धोका अधिक असतो. कारण समजण्यासारखे आहे : ज्याला पैसे मिळवायचे आहेत त्याला आपला आजार लपवण्याचे कारण असते, तर जो नुसते देण्यासाठी आला आहे त्याला खोटे बोलून काहीच मिळवायचे नसते. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निर्णयानंतर 1 जानेवारी 1998 पासून रक्त विकणाऱ्या व्यावसायिक दात्यांवर बंदी आली. रुग्णासाठी घेतलेल्या बाटलीच्या बदल्यात नातेवाइकाने दिलेले बदली रक्तदान आणि कोणासाठी ते ठाऊक नसताना केलेले ऐच्छिक रक्तदान यांत आरोग्यव्यवस्था आजही फरक करते आणि दुसऱ्याला अधिक सुरक्षित मानते, कारण घरचा रुग्ण अडलेला असताना प्रश्नांची खरी उत्तरे देणे बदली दात्याला अवघड जाते. सर्व देणे एकाच जातीचे असते तर हा फरक पडलाच नसता.

याहून बोलके उदाहरण मुंबईत आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अपुऱ्या दिवसांच्या, अशक्त आणि आईचे दूध न मिळणाऱ्या अर्भकांना ते मिळावे हा तिचा उद्देश. अशा पेढीत अनेक मातांचे दूध एकत्र करून, ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून साठवले जाते. एकदा दूध मिसळले की कोणत्या आईचे दूध कोणत्या बाळाच्या पोटी गेले हे सांगता येत नाही. बाळ तर कृतज्ञता व्यक्त करण्याच्या वयाचेच नसते. ज्या स्त्रीने हे दूध दिले तिने मॉस यांचा तिसरा नियम कोणाकडून पाळून घ्यायचा? येथे परतफेडीची वाट निव्वळ बंद आहे, आणि तरीही दूध दिले जाते.

आता मंडन, म्हणजे स्वपक्षाची स्थापना. निष्काम दानाची कसोटी दात्याच्या मनातील शुद्धतेत शोधू गेल्यास ती कधीच सापडणार नाही, कारण दुसऱ्याचे अंतःकरण कोणी उघडून पाहू शकत नाही आणि स्वतःचेही पूर्णपणे पाहता येत नाही. शास्त्रकारांनी ती दुसरीकडे शोधली. वस्तूवरील आपले स्वत्व, म्हणजे मालकी, संपवून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे, अशी त्यांची दानाची व्याख्या आहे. यज्ञात यजमान देवतेचा उल्लेख करून ‘न मम’, म्हणजे ‘हे माझे नाही’, असे म्हणतो तेव्हा तो आपल्या भावनेचे वर्णन करत नसतो; तो एक हक्क सोडत असतो. सोडलेला हक्क बाहेरून ओळखता येतो. देणारा नंतर वस्तूच्या वापराबद्दल जाब विचारतो काय, उपकाराची आठवण करून देतो काय, घेणाऱ्याच्या मताचे, मताधिकाराचे किंवा विवाहाचे निर्णय आपल्या हाती घेऊ पाहतो काय, यावरून दान झाले की नुसते हस्तांतर झाले हे कळते. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले आणि त्यांच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय लावली. मुद्दल परत घ्यायचे नाही, अशी ती अक्षयनीवी होती. दात्याने आपले नाव दगडात कोरवून घेतले हे खरे. कीर्तीची आवड त्याला असेलही. पण पैशावरचा आणि भिक्षूंवरचा कोणताच हक्क त्याने राखला नाही, आणि म्हणून ते दान आहे.

या व्याख्येचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो निष्कामतेच्या खोट्या स्तुतीला आवर घालतो. जे स्वतःचे नाही ते देता येत नाही. विश्वजित नावाच्या यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यायचे असते; त्या ‘सर्वस्वा’त काय येते याची जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात चर्चा आहे, आणि निर्णय असा की आईवडील किंवा नातलग देता येत नाहीत, राजालाही पृथ्वी देता येत नाही, कारण ती सर्वांची आहे. कठोपनिषदातील नचिकेत्याचा प्रश्नही येथेच येऊन भिडतो : ज्यांच्यात पाणी पिण्याचे, गवत खाण्याचे आणि दूध देण्याचे त्राण उरलेले नाही अशा गायी देणाऱ्या बापाला मुलगा विचारतो की मला कोणाला देणार, आणि बाप रागाने मृत्यूचे नाव घेतो. निरुपयोगी वस्तूचे आणि दुसऱ्याच्या जिवाचे असे दान एकाच प्रसंगात दाखवून त्या कथेने दानाचे ढोंग कायमचे उघडे केले आहे.

घराघरांत स्त्रियांच्या त्यागाचे जे गोडवे गायले जातात त्यांना हीच कसोटी लावली पाहिजे. ज्या सुनेला आपला वेळ, आपली कमाई किंवा आपल्या ताटातले अन्न यांवर ‘माझे’ म्हणण्याचा अधिकारच दिला गेला नाही, तिच्याकडून ते घेतले गेले तर त्याला तिचे औदार्य म्हणणे म्हणजे हिरावून घेण्याला सुंदर नाव देणे होय. ‘न मम’ म्हणण्यासाठी आधी ‘मम’ म्हणता आले पाहिजे. म्हणूनच लक्ष्मीबाई पाटील यांच्या कृतीचे मोल वेगळे आहे. त्यांचे पती भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. स्त्रीच्या अंगावरचे दागिने हे स्त्रीधन, म्हणजे परंपरेने आणि कायद्याने तिच्या स्वतःच्या मालकीचे धन. अधिकार जिथे निर्विवाद होता तिथेच लक्ष्मीबाईंनी तो सोडला, आणि तो ज्यांच्यासाठी सोडला ती मुले केवळ त्यांच्या जातीची नव्हती, नात्याची नव्हती, त्यांचे काही फेडण्याच्या स्थितीत तर नव्हतीच.

उरतो एक आक्षेप, आणि तो उदार माणसांनाच अधिक छळतो : दिल्यावर आपल्यालाही काही मिळाले तर ते देणे अशुद्ध झाले काय? धर्मशास्त्रात विहीर, तलाव किंवा बाग सर्वांसाठी अर्पण करण्याच्या विधीला उत्सर्ग म्हणतात. दानात घेणारा ठरलेला असतो आणि त्याने स्वीकार करावा लागतो. उत्सर्गात घेणारा असा कोणी एक नसतो, सगळी माणसे, गुरेढोरे आणि पाखरे यांच्यासाठी पाणी मोकळे केलेले असते. मग ज्याने तलाव बांधला त्याने त्याचे पाणी प्यावे की नाही, असा प्रश्न शास्त्रकारांपुढे आला. त्यांनी त्याला मनाई केली नाही. मालक म्हणून त्याचा अधिकार संपलेला आहे, पण ‘सर्वां’मध्ये तोही येतो, तेव्हा उन्हातून आलेल्या कोणत्याही वाटसरूप्रमाणे, आपली पाळी येईल तेव्हा, त्यानेही पायऱ्या उतरून ओंजळ भरावी.