'आपलं' म्हणजे नेमकं कुणाचं?

गेल्या हिवाळ्यात मी इंदिरानगरहून मुंबईला गेले ती चार वाद्यांची एक मैफल ऐकायला. परतीची पंचवटी एक्स्प्रेस संध्याकाळीच सुटते, तेव्हा मैफल सुरूही झालेली नसते. म्हणून रात्री मावशीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी. घरी आल्यावर सोसायटीतले काका म्हणाले, "एवढा खर्च करून ते परक्यांचं रडगाणं? आपल्याकडे काय कमी आहे?"

या 'आपलं'शीच माझं भांडण आहे.

मी ऐकलं ते ऑलिव्हिए मेसियाँचं 'क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम'. व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो. मेसियाँ फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांच्या कैदेत होता. गोर्लिट्झच्या छावणीत १५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, काहीशे कैदी आणि पहारेकऱ्यांसमोर हे पहिल्यांदा वाजलं.

पहिल्या भागात पियानोवर १७ कालमात्रांची एक ओळ फिरत राहते आणि तिच्यावर २९ स्वरसंघांची दुसरी. दोन्ही पुन्हा एकत्र सुरू व्हायला ४९३ पावलं लागतील. त्याआधीच तो भाग संपतो. त्या १७ मात्रा आल्या तीन देशी तालांतून: रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश. हे ताल 'संगीतरत्नाकरा'तल्या १२० तालांच्या यादीतले. आणि तो ग्रंथ शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात लिहिला तो यादव राजा सिंघणाच्या पदरी, देवगिरीला. म्हणजे आपल्या दौलताबादेत!

'बघा, सगळं आपल्याकडूनच गेलं' असा फॉरवर्ड यावरून कृपया बनवू नका. मेसियाँने ते ताल छापील यादीतून उचलले आणि स्वतःच्या कामाला लावले. ते ताल आज आपल्या मैफलीत कुठे ऐकू येतात? वारसा सांगणारे आपण, कष्ट घेतले त्याने. मग ते कुणाचं झालं?

दुसरा आक्षेप, 'कळत नाही'. मलाही कळलं नाही. पहिली दहा मिनिटं मी समोरच्या खुर्च्या मोजत होते. पाचव्या भागात चेलो इतका संथ चालतो की वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. तिथे मोजणं थांबलं. छावणीतले सगळे कैदी तरी कुठे संगीत शिकलेले होते? कळणं हे काही आत शिरायचं तिकीट नाही. ख्यालही पहिल्या बैठकीत कुणाला कळतो?

तिसरा आक्षेप आयोजकांचा, 'नाशिकला चालत नाही'. मी एका ठिकाणी विचारलं, तर सल्ला मिळाला, "जुन्या गाण्यांचा कार्यक्रम करा, हॉल भरेल." दरबारातलं गाणं तिकीट लावून सामान्य माणसांसमोर नेणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात आश्रम काढला तो याच शहरात. न ऐकवताच 'चालत नाही' हे ठरवलं कुणी?

चार तंतुवाद्यांना माईक लागत नाही. सोसायटीचा हॉल, सतरंजी, चाळीस माणसं पुरेत. दीपप्रज्वलन नको, सत्कार नको, फोन बंद. मी वादकांकडे विचारपूस सुरू केली आहे. काकांनाही बोलावणार आहे. कंटाळले तर त्यांनी मधेच खुशाल उठून जावं. अट एकच, 'आपलं नाही' हे ऐकल्यानंतर म्हणायचं, आधी नाही.