'झीज' या शब्दाने केलेला घोटाळा

नवरात्र जवळ आले की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, गुडघे झिजलेत. यंदा सप्तशृंगीच्या पायऱ्या चढू की ट्रॉलीने जाऊ?" ट्रॉलीने खुशाल जावे. दुखऱ्या गुडघ्यांनी सुमारे पाचशे पायऱ्या चढण्याचा, आणि त्याहून अधिक म्हणजे उतरण्याचा, हट्ट नको. माझी तक्रार आहे ती 'झिजलेत' या शब्दाविषयी. तो ऐकला की माणसे गुडघ्याला गाडीचे टायर समजू लागतात आणि उरलेले पुरवून वापरावे म्हणून चालणेच सोडतात.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. पाऊल टेकले की कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते आणि उचलले की सांध्यातील द्रव शोषून घेते. तिचे पोषण मुख्यत्वे या द्रवावरच चालते, त्यामुळे बसून राहणारा गुडघा एका अर्थी उपाशीच राहतो.

कूर्चेतील पेशी एरवी तिची डागडुजी करीत असतात. वय, जुनी दुखापत, स्थूलता किंवा आनुवंशिकता यांमुळे हा तोल ढळला की त्याच पेशी कूर्चेतील कोलॅजन तोडणारी विकरे अधिक सोडू लागतात. सुटलेले कण सांध्याच्या आतील आवरणाला डिवचतात. आवरण सुजते, त्यातून इंटरल्यूकिन-१ सारखी दाहकारक रसायने पाझरतात आणि ती कूर्चेच्या पेशींना आणखी विकरे सोडायला लावतात. हा दाह राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत तो बहुधा दिसत नाही. दुखते ते हे आवरण आणि कूर्चेखालचे हाड. एक्स-रे भयंकर असूनही कोणी आरामात हिंडतो, तर कोणी साध्या एक्स-रेनिशी कण्हतो, ते यामुळेच.

स्थूल व्यक्तींच्या हाताच्या बोटांतही हा विकार अधिक आढळतो. बोटांवर देहाचा भार कुठे पडतो? चरबी स्वतःच दाहकारक द्रव्ये सोडते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम पाहणीच्या १९९२ च्या निष्कर्षानुसार, दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन घटवलेल्या स्त्रियांत गुडघेदुखीच्या या विकाराचा धोका निम्म्याहून कमी झाला.

तेव्हा सपाट रस्त्यावर, सोसेल तितके, रोज चालावे. खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करावा आणि दहा अंक मोजेपर्यंत धरावा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याचा भार हलका होतो. वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहू नयेत. मूत्रपिंड त्याची किंमत मोजते. नाव नसलेल्या पुड्या तर मुळीच नकोत, त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरे वाटते हे खरे. पण २०१७ च्या एका अमेरिकी चाचणीत दर तीन महिन्यांनी, दोन वर्षे ते घेणाऱ्यांची कूर्चा अधिक पातळ झाली, आणि वेदना मात्र मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेणाऱ्यांइतकीच राहिली.

गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला आणि सोबत ताप असला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.