जुन्या रेडिओचे मोल

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक व्यवहार केला. त्यात चोरी नव्हती, खोटे बोलणे नव्हते, जबरदस्ती तर नव्हतीच. देणारीने खुशीने दिले, मी रोख पैसे मोजले आणि वर तिच्याकडचा चहाही प्यालो. तरीही तो व्यवहार मला पचलेला नाही. जुन्या रेडिओ-टेपची किंमत कशी ठरवावी, हा किरकोळ वाटणारा विषय मी या अंकासाठी घेतला तो त्यामुळेच. आपल्या वार्षिकात हुंडा, भ्रष्टाचार आणि ‘आजचा तरुण’ यांवर दरवर्षी भरपूर लिहिले जाते. एखाद्या वर्षी रेडिओवर लिहिले तर संपादक मंडळाने राग मानू नये.

झाले ते असे. आमच्या गल्लीत एका निवृत्त गुरुजींच्या पत्नी राहत. गुरुजी वारले. मुलगा चाकणला कंपनीत, तो आईला घेऊन जाणार होता. घर आवरताना माळ्यावरून मर्फीचा रेडिओ निघाला. लाकडी पेटी, पुढे कापडाची जाळी, काचेच्या पट्टीवर लांबलांबच्या शहरांची नावे आणि आत वॉल्व्ह. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता. ओठांशी बोट धरलेल्या बाळाचे त्यांचे चित्र आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी भिंतीला लावलेले असेल. भंगारवाला वजनावर ८० रुपये म्हणत होता. मी म्हणालो, “काकू, मी ३०० देतो.” काकूंना आनंद झाला. “पोरगं शिकतंय, त्याच्या उपयोगी पडंल,” असे म्हणून त्यांनी पेटी स्वतः पुसून दिली.

बाजारपेठेतल्या मिस्त्रींकडे मी तो नेला. इथे एक गोष्ट सांगतो, कुणाच्या घरी असा रेडिओ असेल तर उपयोगी पडेल. वीस वर्षे बंद पडलेला वॉल्व्हचा रेडिओ एकदम प्लगमध्ये घालू नये. आतले जुने कंडेन्सर गळके झालेले असतात. थेट वीज दिली की ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि ट्रान्सफॉर्मर जळाला की उरते ती पेटी. मिस्त्री आधी एक साधा बल्ब सिरीजमध्ये जोडतात. बल्ब झगझगीत पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. क्षणभर पेटून मंदावला तर जीव आहे. आमचा मंदावला. कंडेन्सर बदलून, डबक्यात पडलेल्या म्हशीगत ओरडणारा आवाजाचा खुंटा साफ करून मिस्त्रींनी ४५० रुपये घेतले.

२०२२ साली आष्टी–अहमदनगर रेल्वे सुरू झाल्यापासून कड्याहून नगर गाठणे स्वस्त झाले आहे. पुढे एस.टी.ने पुणे. तिथला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पहिल्या दुकानदाराने पेटीकडे नीट न पाहताच ७०० सांगितले. मी हिरमुसलो. इतक्यात शेजारी उभ्या एका गृहस्थांनी विचारले, “वाजतो का?” कुणीतरी वायर दिली. वॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्या वेळात माझ्या कपाळावर घाम आला होता. मग खरखर झाली आणि खरखरीतून कुठलेसे स्टेशन लागले. त्या गृहस्थांनी ३,२०० रुपयांना तो घेतला.

हिशोब करा. खरेदी ३००, दुरुस्ती ४५०, जाण्यायेण्याचे नि चहापाण्याचे ४२०. उरले २,०३०. त्यातून माझी परीक्षा फी गेली.

मित्रांना सांगितले तर ते खूश. “फसवलंस कुठं? भंगारवाल्याच्या चौपट दिलेस की!” हे खरे आहे. तरी मी त्या २,०३० रुपयांची फोड करून पाहिली. काही भाग मेहनतीचा. काही धोक्याचा, कारण बल्ब झगझगीत पेटला असता तर माझेच पैसे बुडाले असते. पण या दोन्हींना मी उदार मनाने १,००० रुपये धरले, तरी १,००० वर उरतात. ते कशाचे? काकूंना ठाऊक नव्हते आणि मला ठाऊक होते, याचे. मी त्यांच्या दारात उभा होतो तेव्हाच मोबाईलवर पाहून घेतले होते.

आता मोबाईलवरच्या भावांविषयी बोलायलाच हवे, कारण त्याने उलट्या बाजूचे लोकही फसतात. ‘मर्फी रेडिओ’ असे टाकले की पंधरा हजार, वीस हजार असे आकडे दिसतात. ते मागितलेले भाव आहेत, मिळालेले नव्हेत. तीच जाहिरात तीन महिन्यांनी पाहा, तिथेच असते. कांदा पिकवणाऱ्या गावाला हे वेगळे सांगायला नको. पेपरात कमाल भाव छापून येतो, आणि आपल्या हातात जी पट्टी पडते तिच्यावर भलताच आकडा असतो. जुन्या वस्तूची किंमत म्हणजे तशीच दुसरी वस्तू खरोखर कितीला गेली तो आकडा. बाकी सारी हौस.

माझ्या मामांचे उदाहरण घ्या. त्यांनी २००६ साली ९,००० रुपयांना होम थिएटर घेतले. आज ते ५,००० मागतात. “मामा, ६०० आले तरी देऊन टाका,” असे म्हटले तर रुसतात. त्यांना वाटते, जुने वाढते तर माझेही वाढले पाहिजे. पण इथे वयाचा हिशोब सरळ नाही. वॉल्व्हच्या रेडिओतला एकेक भाग वेगळा काढून बदलता येतो आणि त्याची पेटी दिवाणखान्यात शोभते. होम थिएटरात सारे काम दोनचार आय.सी.वर चालते, ती गेली आणि मिळाली नाही की डबा. टेपचे तिसरेच. त्यातला रबरी बेल्ट वर्षानुवर्षे पडून काळ्या काकवीसारखा चिकट होतो. बेल्ट स्वस्त असतो, पण तो बदलून टेप चालू झाला तर किंमत दुप्पट होते, आणि हेड झिजलेले असेल तर काहीच होत नाही. मामांच्या ९,००० रुपयांशी यातल्या कशाचाच संबंध नाही. तसाच गोड आठवणींचाही नाही, हे लिहिताना मलाही बरे वाटत नाही. काकूंचा मर्फी तरी किती पकडतो? बीडचे आकाशवाणी केंद्र एफ.एम.वर आहे, आणि आपल्या देशात एफ.एम. आले ते १९७७ साली, मद्रासला. त्याआधीच्या त्या पेटीला आपल्याच जिल्ह्याचे स्टेशन लागत नाही.

अर्थशास्त्राच्या सरांशी मी या विषयावर वाद घातला. त्यांनी जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा १९७० सालचा निबंध सांगितला. जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी खराबच समजून भाव पाडतो, आणि मग चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातूनच निघून जातात. २००१ साली ज्या कामासाठी त्यांना नोबेल मिळाले त्यात हा निबंध येतो. पुण्याच्या दुकानदाराने न पाहता ७०० का सांगितले, ते मला त्या दिवशी कळले. त्याच्या लेखी माझा रेडिओ मेलेलाच होता. अर्ध्या मिनिटाच्या खरखरीने २,५०० रुपये वाढवले.

पण आमच्या गल्लीत उलटे झाले होते. तिथे अज्ञान विकणाऱ्याकडे होते. सर म्हणाले, “माहिती मिळवायलाही कष्ट पडतात, त्यांचा मोबदला नको का?” हवा. पण मोबाईलवर दोन मिनिटे बोट फिरवण्याचा मोबदला १,००० रुपये?

हे मला एवढे का बोचले ते सांगतो. दसऱ्यानंतर माझे आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मुकादम आधी उचल देतो, हंगाम सरला की हिशोब होतो. मी पाचवीत असल्यापासून वजनाच्या पावत्या घरात मीच वाचतो, कारण दोघांनाही वाचता येत नाही. एका वर्षी माझ्या बेरजेत आणि मुकादमाच्या बेरजेत फरक आला. वडील म्हणाले, “असू दे, तो लिहितो ते बरोबर असंल.” त्या रात्री मला फार राग आला होता. ज्याला आकडा कळतो त्याने, ज्याला कळत नाही त्याच्यासमोर गप्प बसू नये, एवढेच माझे म्हणणे होते. आणि दिवाळीत काकूंच्या ओसरीवर मी तेच केले. गप्प बसलो.

यावर माझा तोडगा फार मोठा नाही. आपल्याकडे अडत्या माल विकत घेत नाही. शेतकऱ्याचा माल विकून देतो आणि अडत घेतो. अडत्यांना आपण शिव्या देतो, तरी ही रीत जुन्या रेडिओ-टेपसाठी बरी आहे असे मला वाटते. वस्तू मालकाचीच राहावी. चालते की नाही ते मालकासमोर सिरीज बल्ब लावून पाहावे. किती येतील त्याचा खालचा-वरचा अंदाज आधी सांगावा, दोष चिठ्ठीवर लिहावेत, आणि विकून आले की खर्च वजा करून आपला हिस्सा घ्यावा. यात माझा फायदा कमी होतो हे कबूल. कुणी म्हणेल, गरजवंताला पैसे आजच हवे असतात, तो थांबणार कसा? त्याला थोडी रक्कम आधी द्यावी. पण तिला उचल म्हणू नये, आमच्या घरात तो शब्द नको वाटतो.

पौषात मी चाकणला काकूंकडे जाऊन आलो. सगळे सांगितले आणि १,००० रुपये पुढे ठेवले. त्या नको म्हणतील, आणि मी घ्याच म्हणेन, असा सारा संवाद मी एस.टी.त जुळवून ठेवला होता. त्यांनी पैसे घेतले. मोजून घेतले, पदराला बांधले आणि विचारले, “वाजतो का रं चांगला?”

सध्या माझ्याकडे आमच्या टेलरकाकांचा टू-इन-वन आहे. चिठ्ठी लिहून दोघांनी सह्या केल्या: रेडिओ चालू, टेपचा बेल्ट गेलेला, अंदाज १,२०० ते १,५००, खर्च वजा जाता पाचवा हिस्सा माझा. टेलरकाकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणाले, “आन् इकलाच न्हाई तर?” हे कलम माझ्या डोक्यातच आले नव्हते. “तर तुमचा टेप मी घरी आणून देईन, दुरुस्तीचा खर्च माझा,” असे त्यांनी मला शेवटी लिहायला लावले.